कबुली मोघम नसावी

आमच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक वाक्य कायमचे ठरून गेलेले होते. शास्त्रपाठ होई, 'उपासना संगीता'तले एखादे गीत म्हटले जाई, मग वडील डोळे मिटून दिवसभराच्या अन्नवस्त्राबद्दल देवाचे उपकार मानीत, आणि तेथून आजारी नातलगांच्या व परगावी शिकणाऱ्या मुलांच्या नावांकडे वळण्यापूर्वी, वाटेतला पाटाचा चर उडी मारून ओलांडावा त्याप्रमाणे, 'आमच्या ज्ञात-अज्ञात पापांची क्षमा कर' एवढे म्हणून पुढे जात. एका श्वासात ते आटपे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. एका दुपारी वडिलांच्या मेजावरची शाईची दौत माझ्या धक्क्याने त्यांच्या कागदपत्रांवर उपडी झाली, आणि विचारणा होताच मी धाकट्या भावाकडे बोट दाखवले. त्याला एक सणसणीत चपराक बसली. त्या रात्री ते ठरीव वाक्य आले आणि गेले, आणि मला मनोमन हायसे वाटले. ज्ञात-अज्ञात पापांच्या त्या भल्यामोठ्या गाठोड्यात माझी दौतही कोठेतरी बांधली गेली असणार, आणि ते गाठोडे एकदा देवाच्या हवाली झाल्यावर सोडून पाहण्याचे कोणालाच कारण नव्हते.

सार्वजनिक उपासनेत कबुली मोघम असावी हे मला मान्य आहे. तेथे दुसरा इलाजही नाही. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात १५५२ च्या आवृत्तीपासून सकाळच्या उपासनेच्या आरंभी जी सर्वसाधारण कबुली घातली गेली, ती राजापासून नांगरगड्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी शोभावी लागते, आणि म्हणून तिच्यात कोणाच्याही एका अपराधाचे नाव असू शकत नाही. परंतु प्रभूने डोंगरावरील प्रवचनात जिचा निर्देश केला ती, खोलीत शिरून व दार लावून घेऊन करावयाची, प्रार्थना निराळी. जिच्यासमोर संकोच वाटावा अशी दुसरी व्यक्ती तेथे नसते; तरीही तेथे आपण सभेतलीच भाषा बोलत राहिलो, तर आपण संकोचतो कोणाला हे एकदा स्वतःस विचारावे. मामलेदार कचेरीत 'मजवर अन्याय झाला, सबब दाद मिळावी' एवढाच अर्ज कोणी टाकला, तर 'अर्ज मोघम आहे, तपशील द्यावा' असा शेरा पडून तो परत येतो. आपल्या एकांतातल्या पुष्कळशा कबुल्या याच शेऱ्याला पात्र आहेत, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते बव्हंशी त्या शेऱ्याचेच विवरण आहे.

आरंभी दोन शंकांचा निकाल लावलेला बरा. देव सर्वज्ञ असता त्याला सांगावयाचे काय, ही पहिली. आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावर पापाचे देणे एकदाचे बेबाक झाले असता पुन्हा रोज कबुली कशाला, ही दुसरी. पहिलीचे उत्तर सोपे आहे. एदेन बागेत देवाने आदामाला तो कोठे आहे म्हणून हाक मारली, तेव्हा त्याचा ठावठिकाणा देवाला ठाऊक होताच. झाडाआडून आपल्या पायांनी बाहेर येण्याची संधी आदामाला मिळावी, एवढ्यासाठी ती हाक होती. (आदामाने त्या संधीचा उपयोग बायकोवर ठपका ठेवण्याकडे केला. दौतीच्या बाबतीत मला फार थोर पूर्वज लाभला आहे.) दुसरी शंका अधिक वजनदार. परंतु योहानाचे पहिले पत्र ज्यांना लिहिले गेले ते विश्वास ठेवलेले लोक होते, आणि त्यांनाच तो आपली पापे पदरी घेण्यास सांगतो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरातला हा 'पदरी घेणे' शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. एरवी पदर पसरावयाचा तो दान घेण्यासाठी; येथे आपणच दुसऱ्याच्या अंगणात टाकून आलेले पुन्हा उचलून पदरात घ्यावयाचे असते. शिवाय प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आणि क्षमेची मागणी एकापाठोपाठ एक आल्या आहेत, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे शब्दही 'ऋण' असाच आहे. भाकरी आजची मागावी आणि ऋणाची माफी मात्र वर्षअखेरीस, असा भेद करण्यास तेथे जागा नाही. दौत सांडल्यापायी मुलाचे नाव बापाच्या घरातून कमी होत नाही हे खरे, पण पान वाढलेले असूनही त्या मुलाचा घास घशाखाली उतरत नाही, हेही तितकेच खरे.

आता पद्धतीकडे वळू. विटेनबर्ग शहरात पेटर बेस्केनडॉर्फ नावाचा एक न्हावी होता. मार्टिन ल्यूथर त्याच्याकडून हजामत करवून घेई. प्रार्थना कशी करावी, असे या पेटरने आपल्या विद्वान गिऱ्हाइकाला विचारले, आणि ल्यूथरने त्याला उत्तरादाखल एक लहानशी पुस्तिकाच लिहून दिली. ती १५३५ साली छापली गेली. तीत एक दाखला पेटरच्याच धंद्यातला दिला आहे: वस्तरा चालवताना न्हावी गप्पांत रंगला, तर तो गिऱ्हाइकाचे तोंड, नाक, प्रसंगी गळासुद्धा कापावयाचा, मग प्रार्थनेसारख्या कामाला किती अवधान हवे! पुढे तो सांगतो की दहा आज्ञांपैकी एकेक हाती घ्यावी आणि तिचा चार पदरी गोफ विणावा. ही आज्ञा मला काय शिकवते, हा पहिला पदर. तिच्याबद्दल मी कशाचे उपकार मानावे, हा दुसरा. तिच्या बाबतीत मला काय कबूल करावयाचे आहे, हा तिसरा. आणि तिच्यासाठी काय मागावयाचे, हा चौथा.

हे प्रत्यक्ष कसे करावे याचा एक नमुना देतो. चोरीविषयीची आज्ञा घेतली असे समजा. पहिल्या पदरात एवढेच मनात आणावे की देवाला माझ्या शेजाऱ्याच्या मालमत्तेचीही काळजी आहे. दुसऱ्यात, काल रात्री मी कडी न लावता निजलो तरी माझ्या घरातला चमचाही हलला नाही, याबद्दल आभार. तिसऱ्यात, कचेरीतले कोरे कागद मी मुलांच्या वह्यांसाठी घरी आणले, आणि वाण्याने हिशेबात चूक करून जास्त परत दिलेले सुटे पैसे पाहूनही खिशात टाकले. चौथ्यात, उद्या त्या दुकानासमोरून जाताना पाऊल अडखळू नये म्हणून बळ. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यात मोघम असे काही उरत नाही.

कबुली तिसऱ्या पदराला आली, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला पोप तिसरा पॉल याची मान्यता १५४८ साली मिळाली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. प्रथम उपकारस्मरण, मग आपले पाप ओळखण्यासाठी प्रकाशाची याचना, मग दिवसाची तपासणी, मग क्षमायाचना, आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. ल्यूथर आणि इग्नेशियस यांचे ज्या गोष्टींवर एकमत होते त्यांची यादी फार लांब होणार नाही. परंतु कबुलीच्या आधी कृतज्ञता हवी, याविषयी दोघांचा कौल एकच आहे. एक्कावन्नाव्या स्तोत्रातही दावीद आपला अपराध उच्चारण्यापूर्वी देवाच्या करुणेचा धावा करतो. याचे कारण अनुभवाने पटते. ज्याला आपण केवळ फौजदार समजतो त्याच्यापुढे माणूस कबुलीजबाब देतो तो कमीत कमी शब्दांत, वकिलाशी मसलत करून. ज्याच्या हातचे अन्न आपण आज दोन वेळा खाल्ले त्याच्यापुढे बोलताना जीभ आपोआप सैल होते. म्हणून गुडघे टेकल्याबरोबर पापांकडे धाव घेऊ नये. दिवसभरात जे मिळाले त्यातल्या दोन-तीन गोष्टी आधी नावाने मोजाव्या.

यानंतरची अडचण भाषेची आहे, आणि ती आपल्या मराठीत विशेष आहे. कर्त्याला अंग चोरू देण्याची जी सोय आपल्या भाषेत आहे, तिचे सौजन्याच्या व्यवहारात मोल असेल. प्रार्थनेत मात्र ती घात करते. 'हातून चूक झाली', 'तोंडातून शब्द गेला', 'पैसे द्यावयाचे राहून गेले', 'रागाच्या भरात बोलले गेले': या वाक्यांत हात आहे, तोंड आहे, राग आहे, पैसेसुद्धा आहेत, फक्त 'मी' नाही. वर दौतीची हकीकत सांगताना मीही 'माझ्या धक्क्याने दौत उपडी झाली' असेच लिहिले आहे, हे चोखंदळ वाचकाच्या ध्यानात आले असेल. इतक्या वर्षांनंतरही 'मी दौत सांडली आणि मी खोटे बोललो' असे लिहावयास लेखणी एकदम धजली नाही. म्हणून माझी पहिली व्यावहारिक सूचना अगदी शाळामास्तरी थाटाची आहे: कबुलीचे प्रत्येक वाक्य 'मी' या शब्दाने सुरू करावे, क्रियापद साधे ठेवावे, आणि ते हळू आवाजात का होईना, पण ओठांनी उच्चारावे. मनातल्या मनात केलेली कबुली अर्ध्यावरच विरघळून जाते.

दुसरी सूचना 'कारण' या शब्दाविषयी. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाची कबुली आहे. अमालेकी लोकांची सर्व जनावरे मारून टाकण्याचा हुकूम असता त्याने त्यांतली उत्तमोत्तम राखून ठेवली. शमुवेल येऊन उभा राहिला तो मेंढरांचे बेंबावणे त्याच्या कानी पडतच होते. शौलाने आधी सांगितले की ती लोकांनी आणली. मग सांगितले की ती यज्ञासाठी आणली. आणि कोंडीत सापडल्यावर पाप केल्याचे कबूल केले खरे, पण लगोलग, लोकांच्या भीतीने केले, अशी पुरवणी जोडली. एवढ्यावर न थांबता, वडीलधाऱ्यांसमोर तेवढा माझा मान राखा, अशी दरखास्तही त्याने पुढे केली. दावीदाचा अपराध याहून किती तरी घोर होता. त्याने उरीयाची बायको नेली आणि उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारवले. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर हा राजा संतापला, आणि तो श्रीमंत तूच, असे ऐकताच त्याच्या तोंडून जी कबुली आली ती मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांची आहे: पाप केल्याचे क्रियापद, आणि परमेश्वराचे नाव. तेच क्रियापद शौलाच्याही तोंडी आहे. एकाच्या क्रियापदामागे 'कारण' आले, दुसऱ्याच्या मागे काहीच आले नाही. प्रार्थना करताना आपल्या वाक्यात 'कारण', 'पण' किंवा 'तशी परिस्थितीच होती' असे काही डोकावले, तर तेथेच थांबावे आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून, पुरवणी गाळून, म्हणावे. परिस्थिती खरोखर बिकट असेल; ती देवाला दिसते. तिचे वकीलपत्र आपण घेण्याची गरज नाही.

काय कबूल करावे, हे शोधताना केलेल्या गोष्टींइतकेच न केलेल्या गोष्टींकडे पाहावे. वर सांगितलेल्या इंग्रजी कबुलीत न केलेल्यांचा उल्लेख आधी येतो, आणि तो क्रम योग्यच आहे, कारण सभ्य, मध्यमवर्गीय, पगारदार ख्रिस्ती माणसाची पापे बहुधा त्या रकान्यात सापडतात: न लिहिलेले पत्र, विधवा मावशीकडे न मारलेली फेरी, मोलकरणीच्या आजाराची न केलेली चौकशी.

एखादा दोष वारंवार भेटू लागला, तर इग्नेशियस यांची आणखी एक युक्ती आहे. एका वेळी एकच दोष धरावा. तो घडला की त्या क्षणी छातीला हात लावावा. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही. कागदावर प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढाव्या. दुपारपर्यंत जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके पहिल्या रेघेवर, दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे दुसरीवर द्यावे, आणि आजचे कालच्याशी, या आठवड्याचे मागच्याशी ताडून पाहावे. मी एकदा घरातल्या माणसांशी खोचक बोलण्याची माझी खोड अशी हिशेबाला धरली होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच सहा ठिपके पडले, त्यांतले चार चहाच्या आत. तिसऱ्या दिवशी ती वही बायकोच्या हाती लागली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हे दुधाचे खाडे का हो? गवळी इतके दिवस आला नाही?" मी म्हणालो, "गवळी येतो. मीच चुकतो." मग काय ते सांगणे भाग पडले. तिने वही परत देताना, रविवारचे दोन ठिपके कमी लावले आहेत, एवढीच दुरुस्ती सुचवली. कबुलीत विनोदाला मुळीच थारा नसावा असे ज्यांना वाटते, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावी. आपला सोवळ्याओवळ्याचा हट्ट त्यांनी ज्या हसतमुखाने उघडा करून दाखवला आहे, त्यात लपवाछपवीचा लवलेश नाही.

एका धोक्याची मात्र ताकीद द्यावयास हवी. काही हळव्या मनांना कबुलीचे व्यसन लागते. स्वतः ल्यूथर तरुणपणी मठात असताना कधी कधी सहा-सहा तास पापे सांगत बसे, आणि बाहेर पडताच राहिलेले काही आठवून कासावीस होई. त्याचे गुरू श्टाउपिट्स यांनाही त्याचा कंटाळा येई. ही खतावणी कधीच मिळत नाही, कारण तीत देवाच्या कृपेचा जमेचा रकानाच नसतो. म्हणून कबुलीला वेळेची मर्यादा घालावी. जे आठवले ते सांगावे, न आठवलेल्यासाठी वडिलांचे ते ठरीव वाक्य खुशाल वापरावे (त्याची खरी जागा येथे आहे), आणि मग बत्तिसावे किंवा एकशे तिसावे स्तोत्र सावकाश वाचून, पावती हाती घ्यावी तशी क्षमा घेऊन उठावे. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन ४३० साली अखेरच्या दुखण्यात असताना त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावली होती आणि तो ती पडल्या पडल्या वाचीत असे. त्याच्या विख्यात आत्मवृत्ताच्या लॅटिन नावातला शब्द पापाची कबुली आणि देवाची स्तुती अशा दोन्ही अर्थांनी चालतो. पोरवयात मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीपासून तो सारा ग्रंथ देवाला उद्देशून सांगितलेला आहे, आणि कबुली कोठे संपते व स्तुती कोठे सुरू होते हे त्यात पुष्कळदा कळत नाही.

काही पापे मात्र बंद खोलीत फिटत नाहीत. वेदीजवळ दान नेले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. आणि जकातदार जक्कयाने चौपट परतफेडीचा शब्द दिला तो देवाच्या कानात कुजबुजून नव्हे, सर्वांसमक्ष. वाण्याचे पैसे वाण्यालाच परत करावे लागतात. तरी येथेही तारतम्य हवे. मनातल्या मनात ज्याचा हेवा केला त्याला ते जाऊन सांगितले, तर आपले ओझे त्याच्या डोक्यावर जाते. ते देवापाशीच ठेवावे. ज्याला एकट्याने भार पेलत नाही त्याने विश्वासू पाळकाकडे जावे. कॅथलिक वाचकाला तर, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो संस्कार आहेच, आणि खोलीतली ही रोजची कबुली त्याची जागा घेत नाही, त्याची तयारी करते. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात मुलींनी रडत रडत उघडपणे पापे कबूल केली. तशी वेळ देव आणतो तेव्हा ती येते. एरवी चारचौघांतल्या कबुलीत, तपशील सांगता सांगता, दुसऱ्याचीही पापे चव्हाट्यावर येण्याची भीती असते. दौतीची गोष्ट मी भावाला सांगितली ती चाळीस वर्षांनी, एका लग्नाच्या मांडवात. त्याला दौत आठवेना. चपराक मात्र चांगली आठवत होती.

राहता राहिला नेहमीचा प्रश्न: आज कबूल केलेले पाप उद्या पुन्हा घडले तर? तर उद्या पुन्हा कबूल करावे, पहिल्याइतकेच नावानिशी, आणि मागच्या वेळच्या निश्चयाचा भंग हेही त्यात घालावे. याहून निराळा उपाय मला ठाऊक नाही. ज्या पेटरसाठी ती पुस्तिका लिहिली गेली, त्याने त्याच १५३५ साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी, नशेत असताना, जेवणाच्या मेजावर आपल्या जावयाला भोसकले. जावई जुना शिपाई होता. आपल्या अंगावर शस्त्र चालत नाही अशी त्याने फुशारकी मारली होती. तो मेला. ल्यूथर व इतर मित्रांनी रदबदली केली म्हणून पेटरचा जीव वाचला आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. चार पदरी गोफाची ती पुस्तिका ल्यूथरने मागे घेतली नाही. आजही ती छापतात, आणि तिच्यावर नाव पेटर न्हाव्याचेच असते.